आधी खोट, मग बोली

माझ्या भाचीला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील आता "पसंत आहे" म्हणणार, इतक्यात कोपऱ्यात बसलेले गुणवंतराव निमकर उठून उभे राहिले. घरात एखादं वडीलधारं माणूस दिसावं म्हणून आम्हीच त्यांना बोलावून बसवलं होतं. ते म्हणाले, "एक मिनिट. पोरगी लाखात एक हाये. पण उजव्या कानानं तिले थोडं कमी आयकू येते, अन् राग आला का दोन दोन दिवस जेवत नाई. आता बोला."

बहिणीच्या हातातला ट्रे हातातच राहिला. भाची आत पळाली. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, भल्याभल्या टारगट पोरांना गप्प केलं, पण त्या वेळी माझीच बोलती बंद झाली. मुलाचे वडील आधी गुणवंतरावांकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या मुलाकडे वळले आणि म्हणाले, "आमचा हा एमएस्सीला दोनदा आपटला आहे. सांगायचं राहिलंच होतं." लग्न तिथेच ठरलं. दोघं अकोल्यात मजेत आहेत. बहीण मात्र अजूनही गुणवंतरावांचं नाव निघालं की भांडी आपटते.

हे गुणवंतराव आमच्या समोर राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे, अंगावर मांस म्हणून नाही, आणि आवाज मात्र असा की आपल्या घरात शिंकले तर आमच्या घरात "सत्य आहे" म्हणायची पाळी येते. जन्मभर अमरावतीच्या फळबाजारात हर्रास बोलले. हर्रास म्हणजे लिलाव. शेंदूरजनाघाटकडून संत्र्याच्या गाड्या यायच्या, ढीग लागायचे, आणि ढिगापाशी उभं राहून हे बोली पुकारायचे. बाकीचे पुकारणारे वर मांडलेली चांगली फळं दाखवायचे. हा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतलं नासकं संत्रं काढायचा, वर धरायचा आणि म्हणायचा, "हे पाहा, आतून असं हाये. आता बोला." माल आणणारे त्यांना शिव्या घालायचे. घेणारे व्यापारी मात्र त्यांच्याच ढिगाशी गर्दी करायचे. "आधी खोट, मंग बोली," हे त्यांचं पालुपद. खोट सांगितल्याशिवाय पुकारलेली बोली त्यांच्या लेखी बोलीच नव्हे.

बाजार सुटला, सवय काही सुटली नाही. माझ्या निरोप समारंभात सगळे माझी तोंड फाटेस्तोवर स्तुती करत होते, तर हे उठले. "मॅडम चांगल्या हायेत, पण पोरायले डस्टर फेकून मारत. एक माया पुतण्याले लागलं, टाका पडला. बाकी बाई हिरा हाये." मागे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

आता मंडळाचं सांगते. आमच्या कॉलनीचं एक मंडळ आहे, मेलेल्या माणसाचं शेवटचं सगळं करणारं. ज्यांचं कोणीच नाही त्यांचं तर आम्ही करतोच. पण ज्यांचे सगळे आहेत आणि सगळे बाहेरगावी आहेत, अशांचंच हल्ली जास्त करावं लागतं. बांबू, मडकं, पांढरं कापड, डॉक्टरचा दाखला, गाडी. रीतसर नोंदलेली संस्था आहे आणि मी तिची सचिव. निवृत्त मास्तरीण दिसली की लोकांना तिला सचिव करायचा मोह आवरत नाही.

मंडळाला हवी होती एक शीतपेटी, म्हणजे मयत ठेवायची थंड पेटी. शहरात पेट्या नाहीत असं नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की म्हातारी माणसं पटापट जातात आणि पेट्यांना नंबर लागतात. मग बर्फाच्या लाद्या आणायच्या, वरचा भुसा झटकायचा, माणसाच्या दोन्ही बाजूंनी रचायच्या आणि मुलाची गाडी कुठवर आली हे दर दहा मिनिटांनी विचारत बसायचं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की उन्हाळ्यात बर्फाचा गोळासुद्धा माझ्याच्यानं खाववत नाही.

पेटीसाठी मी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरले. बाप्पा, काय सांगू! गणपतीला लोक देतात, पेटीचं नाव काढलं की आतून कडी लावतात. एका गृहस्थांनी तर मला तोंडावर सांगितलं, "आम्हाला लागेल तेव्हा पाहू." लागेल तेव्हा तुम्ही पाहायला नसाल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या बायकोकडे पाहून गिळलं.

मग मी सभेत ऑनलाइन लिलावाचं काढलं. घरोघरी वस्तू पडून असतात. त्या मंडळाला द्या, त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू, सोमवारी सकाळी बोली सुरू, रविवारी संध्याकाळी बंद. आपली मुलं पुण्यात, बंगलोरला, परदेशात आहेत, त्यांनाही ग्रुपवर घेऊ. पैसे फोनवरून येतील, कोणाच्या दारात उभं राहायला नको. सभेत नेहमीप्रमाणे सगळे माना डोलवत होते आणि कोणीच काही बोलत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पेटी उनाळ्याच्या आत पायजे. हर्रास मी बोलतो."

गुणवंतराव मंडळाच्या सभेत कधी तोंड उघडत नसत. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं आणि सगळ्यांनी लगेच नजर खाली घातली, कारण हा माणूस पेटी का मागतो आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी, भर मे महिन्यात, त्यांची बायको सुशीलाबाई पहाटे गेली. जन्मभर नर्सबाई म्हणून गावोगाव लसी टोचत फिरलेली बाई. एकुलती मुलगी वैशाली पुण्याला. आई फार आजारी आहे कळल्यावर ती आदल्या संध्याकाळीच गाडीत बसली होती. गाडी सकाळी आमच्या बडनेऱ्याला लागायची, ती तासाभर अलीकडे मूर्तिजापूरला येऊन थांबली. पुढे एक मालगाडी बंद पडली होती. शहरात एकही पेटी मोकळी नव्हती. वर सूर्य आग ओकत होता. आमच्याकडे मयत घरात असेपर्यंत आजूबाजूच्या घरांत चूल पेटत नाही. गॅस येऊन तीस वर्षं झाली, तरी आम्ही चूलच म्हणतो आणि पेटवत नाही. गल्लीतली लेकरं भुकेनं किरकिरायला लागली. शेवटी बारा वाजता सुशीलाबाईंना उचललं. वैशाली मूर्तिजापूरहून जीप करून आली, ती तासाभरानं थेट स्मशानातच पोचली. तोवर आगीशिवाय पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कोणी उचलायला सांगितलं?" असं तिनं तिथे किंचाळून विचारलं. गुणवंतरावांचे थोरले भाऊ दादाजी पुढे आले आणि म्हणाले, "मी सांगितलं." वैशालीनं त्या दिवसापासून मोठ्या बाबांचं तोंड पाहिलं नाही. अमरावतीलाही पाय ठेवला नाही. मोठे बाबा ज्या गल्लीत राहतात त्या गल्लीत मी येणार नाही, म्हणाली. वडिलांना मात्र दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. रविवारी साडेनऊपासून गुणवंतराव अंघोळ करून, भांग पाडून, फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसत. भांग कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आवाजात समजते तिले." गेल्या दिवाळीनंतर दादाजीही गेले. वैशाली तेव्हाही आली नाही.

तर लिलाव सुरू झाला. मी फोटो टाकायचे आणि गुणवंतराव खाली आपला आवाज टाकायचे. पलीकडून कोणी हॅलो म्हटल्याशिवाय आवाज पुण्यापर्यंत पोचतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे ते ओट्यावर उभे राहून, फोन हातभर दूर धरून बोंबलायचे. ग्रुपवर नसलेल्या गल्लीलाही हर्रास फुकट ऐकायला मिळायचा.

पहिली वस्तू एका निवृत्त प्राचार्यांनी दिली, सत्कारात मिळालेल्या शालींचा गठ्ठा. मी छान मजकूर लिहिला होता. खाली गुणवंतरावांचा आवाज: "शाली हायेत. सत्काराच्या हायेत, म्हणजे पाण्यात घातल्या का रंग सोडतात. दोन कसरीनं खाल्ल्या. पांघरून झोपलं तं अंग खाजते, मी काल झोपून पाह्यलं. आता बोला." प्राचार्यांचा मला फोन. ते इतके संतापले होते की इंग्रजीत बोलत होते.

दुसऱ्या दिवशी एका कवींनी स्वतःच्या कवितासंग्रहाच्या साठ प्रती दिल्या. "पुस्तकं नवीकोरी हायेत, कोणं उघडेल नाई. मी दोन पानं वाचली. मंग चहा प्यालो. आता बोला." कवी ग्रुप सोडून गेले. मी कपाळावर हात मारला आणि तरातरा समोर गेले. "काकाजी, लोक प्रेमानं देतात हो. धर्मादाय काम आहे, बाजार नाही. खोटं नका बोलू, पण निदान गप्प तरी राहा!"

"चूप राहून इकलं तं थे चोरी होते मॅडम," ते म्हणाले. "पेटी चोरीच्या पैशातून घेऊन राहिले का तुमी?"

मी दोन दिवस धुमसत राहिले. पण तिसऱ्या दिवशी पाहते तर शालींवर बोली चढत चाललेली. प्राचार्यांचे जुने विद्यार्थी, कोण नागपूरहून, कोण दुबईहून, "कसर लागलेली एक मला" म्हणून मागायला लागले. एकाने लिहिलं की सरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं, त्यांची शाल मी पायपुसणं करणार नाही एवढं सरांना सांगा. प्राचार्यांनी तो संदेश मला स्वतः दाखवला. कवींच्या साठही प्रती गेल्या, "पहिली दोन पानं सोडून" वाचायच्या अटीवर. मग लोकांना चटकच लागली. आज गुणवंतराव कशाला नावं ठेवणार हे ऐकायला माणसं ग्रुपवर येऊ लागली. कपडे वाळत घालायला वापरलेलं ट्रेडमिल गेलं. वकीलसाहेबांची कायद्याची पुस्तकं गेली ("यातले अर्धे कायदे मेले हायेत"). लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले सात डिनर सेट गेले.

पुण्याहून वैशालीही ग्रुपवर आली. मीच तिला घेतलं होतं. ती कधीमधी लहानशी बोली लावायची. वस्तू हवी असायची म्हणून नाही हे मला कळत होतं. तिची बोली आली की गुणवंतराव नुसतं म्हणायचे, "पुण्याहून आली." पण त्या दिवशी त्यांचा आवाज आणखी दोन गल्ल्या पुढे जायचा.

एप्रिल अर्धा सरला. ऊन चटके द्यायला लागलं होतं आणि पेटीला थोडी रक्कम अजून कमी पडत होती. आता कोणाकडे मागावं या विचारात मी गेटपाशी उभी होते. तर समोरून गुणवंतराव सुशीलाबाईंची लुना ढकलत आणताना दिसले.

ती लुना अख्ख्या कॉलनीला पाठ होती. मागे लसींचा डबा बांधून सुशीलाबाई तिच्यावर निघायच्या. चढ आला की पायडल मारायच्या, आणि चिखल असला की तिलाच ढकलत न्यायच्या. चार वर्षं ती पडवीत धूळ खात उभी होती. अकोल्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, ते ग्रुपवर होते. ही गाडी ते कितीलाही घेतील, हे मलाही माहीत होतं.

"काकाजी, ही नका देऊ," मी म्हटलं. "दुसरं काही पाहू आपण."

"फोटो काढा," ते म्हणाले. "तिच्याच गाडीनं पेटी येऊ द्या."

सोमवारी सकाळी मी फोटो टाकला. गुणवंतरावांनी त्या दिवशी ओट्यावर येऊन बोंब मारली नाही. घरात बसून, दार लावून ते बोलले. तो आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला, आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलं नाही.

"लुना हाये. सुशीलाची. खोट सांगतो. टाकी गळते. साखळी उतरते. डाव्या बाजूचा आरसा नाई. अन् आखरी खोट गाडीची नाई, गाडी इकणाऱ्याची हाये. थे सांगतल्याबिगर मले हे गाडी इकता येत नाई. त्या दिवशी उचला म्हणून दादानं नाई सांगतलं. मी सांगतलं. दादा तं म्हणत होता, पोरगी मूर्तिजापूरले आली हाये, घंटाभर थांब. बर्फाचं पाणी उंबऱ्याच्या बाहेर आलतं. गल्लीतले लहान लहान लेकरं त्या पाण्यात पाय भिजवून राहिले होते. मायाच्यानं थे पाहवलं नाई. मी म्हटलं, उचला. वैशू आली, तिनं इचारलं, तं दादा मायासमोर येऊन उभा राह्यला अन् म्हणे मी सांगतलं. मी चूप राह्यलो. दादा मेला, तरी चूप राह्यलो. वैशू, तू आयकून राहिली असशील. तुया मोठ्या बाबानं काई केलं नवतं. आता ज्याले बोलाचं असंन त्यानं बोला."

ग्रुपवर शे-सव्वाशे माणसं होती. एकानंही काही लिहिलं नाही. ज्या ग्रुपवर "शुभ सकाळ" म्हटलं तरी पन्नास फुलं येतात, तिथे तासभर शुकशुकाट. मग एक ओळ उमटली. वैशालीनं ग्रुप सोडला होता.

खरं सांगू? मला त्यांची दया आली नाही. संताप आला. मी स्वतः दादाजींना शेवटची तीन-साडेतीन वर्षं धड नमस्कार केला नव्हता. रस्त्यात दिसले की पोरीला आईचं तोंड पाहू न देणारा माणूस म्हणून तोंड फिरवत होते. ते बिचारे मात्र दर खेपेला हात जोडत. आता माफी मागायलाही माणूस उरला नव्हता. मी चप्पल न घालताच रस्ता ओलांडला, पाय पोळले ते घरात गेल्यावर कळलं.

"भावाच्या जिवंतपणी का नाही बोललात?" मी दारातूनच विचारलं. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता.

गुणवंतराव भिंतीला टेकून खाली बसले होते. "हिंमत नाई झाली मॅडम. दादा म्हणे, चूप राय, मले फोन नाई आला तं चालते, तुले यायले पायजे. रविवारचा फोन बंद झाला असता."

"मग आता काय, सुरू राहील?"

"नाई," ते म्हणाले. "आता बंद."

माझा राग तिथेच बसला. त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून मी घरी आले.

अकोल्याच्या गृहस्थांनी घासाघीस न करता बोली लावली आणि टेम्पो घेऊन आले. गुणवंतरावांनी लुनाची सीट आपल्या दुपट्ट्यानं पुसली, टेम्पोवाल्याला साखळी कशी बसवायची ते दाखवलं आणि आत निघून गेले. एप्रिल संपायच्या आत पेटी आली. लांबलचक, पांढरी, वरून काचेची. मंडळाच्या लोकांनी हार घालू का विचारलं, मी नको म्हटलं. पाण्याच्या टाकीजवळच्या आमच्या खोलीत ती ठेवली.

रविवारी दहाला फोन वाजला नाही. अंघोळ करून, भांग पाडून बसलेले गुणवंतराव बाराला उठले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ते बसलेच नाहीत, कारण शेजारच्या कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ गेले होते. त्यांचा मुलगा बंगलोरहून निघाला होता, आणि पेटी पहिल्यांदा बाहेर निघाली. गुणवंतराव पेटीबरोबर गेले आणि त्या परक्या घरात खुर्ची टाकून पेटीजवळ बसून राहिले. त्या घरातला कोणी तरी म्हणाला, "आजोबा, आता आटपून घेऊ, लोक खोळंबले आहेत." मग ते असे काही खवळले म्हणे! "लोकायले जेवाले माया घरी पाठवा," म्हणाले. आणि मला फोन केला की मॅडम, पन्नास माणसांची खिचडी टाका. मी टाकली. मुलगा संध्याकाळी पोचला. त्यानं वडिलांना डोळे भरून पाहिलं, तोवर हे खुर्चीवरून हलले नव्हते.

त्याच आठवड्यात दुपारी मला वैशालीचा फोन आला.

"काकू, बाबा जेवतात का?"

"खातात कसंबसं. तू त्यांच्याशीच बोल ना गं."

"मोठे बाबा गेले तेव्हा त्यांच्या घरून मला फोन आला होता, काकू. मी उचलला नाही." मग म्हणाली, "मी येते शनिवारी. पण बाबांकडे नाही. आधी मोठ्या आईकडे."

मोठी आई म्हणजे दादाजींची बायको. मी समोर जाऊन सांगितलं. गुणवंतराव उठून उभे राहिले, परत बसले. "बराबर हाये," म्हणाले. "पह्यले तिथंच जायले पायजे." आणि थोड्या वेळानं, "गाडी कोणती?"

"ते नाही विचारलं."

"काय मॅडम तुमी! इचारा लागते न!" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. ओरडणं ऐकून इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी ती आली. आमच्या डोळ्यांदेखत बॅग घेऊन वडिलांच्या गेटवरून पुढे गेली. चार घरं सोडून दादाजींचं घर आहे, तिथे शिरली. गुणवंतराव गेटला धरून उभे होते. ती गेल्यावरही उभेच. ऊन डोक्यावर आलं, मी छत्री पाठवली, ती त्यांनी उघडली नाही. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोन तासांनी ती बाहेर आली. डोळे सुजलेले. ती वडिलांकडे गेली नाही, माझ्या दारात आली.

"मोठ्या आईला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "तिनं पण नाही सांगितलं. काकू, ती पेटी मला दाखवता?"

मी किल्ली घेतली. आम्ही दोघी निघालो, तर गुणवंतराव मागून चार पावलांवर चालत आले. तिनं वळून पाहिलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

खोलीत मी दिवा लावला. वैशाली पेटीभोवती एकदा फिरली. मग तिनं बटण दाबलं. पेटी घरघरायला लागली. बऱ्याच वेळानं तिनं काचेचं झाकण उचललं आणि आत हात घातला, चांगला दंडापर्यंत. तसाच ठेवला. हातावर काटा आला तरी काढला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आईला ही थंडी सोसली नसती."

गुणवंतरावांचं तोंड उघडलं. ज्या माणसाच्या आवाजानं आमच्या खिडक्या हलायच्या, त्याचा आवाज आता मला कान देऊन ऐकावा लागला. "भर उनाळ्यात गोधडी लागे तिले," ते म्हणाले. "कुलर सुरू केला का भांडे." आणि मग पेटीच्या काठाला धरून ते लहान लेकरासारखे हमसून हमसून रडले. चार वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातही नाही.

वैशालीनं हात बाहेर काढला, झाकण लावलं, बटण बंद केलं. गार पडलेला हात तिनं वडिलांच्या पाठीवर ठेवला. ते दचकले.

"चला," ती म्हणाली. "मोठी आई पानं घेऊन बसली आहे. तुमचंही वाढलंय."